न बोलण्याच्या दुखण्याची चाळीस वर्षं

१९६६ साली वेम्बलीवर इंग्लंडच्या राणीच्या हातून फुटबॉलचा विश्वचषक घेणाऱ्या बॉबी मूरला त्याआधी दोनेक वर्षं वृषणाचा कर्करोग होऊन गेला होता, हे तेव्हा लोकांना कळूच दिलं गेलं नाही. पुढे १९९१ मध्ये मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी त्याचं ऑपरेशन झालं, त्याचाही फार बोभाटा झाला नाही. १९९३ च्या फेब्रुवारीत त्याने आजार जाहीर केला, तीन दिवसांनी वेम्बलीवरच एका सामन्याचं समालोचन केलं, आणि पुढच्या आठवड्यात, २४ तारखेला तो गेला. वय ५१. ज्याचं नाव घराघरांत होतं त्याचा आजार लोकांना समजला तो शेवटच्या दहा दिवसांत.

हा काळ काही अज्ञानाचा नव्हता. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयात कथबर्ट ड्यूक्स यांनी गुदाशयाच्या कर्करोगाच्या पायऱ्या १९३२ मध्येच मांडल्या होत्या: गाठ आतड्याच्या भिंतीतच असेल तर एक, भिंत ओलांडून गेली तर दुसरी, लसिकाग्रंथींपर्यंत पोचली तर तिसरी. लवकर सापडलं तर माणूस वाचतो, हे त्या कोष्टकातून उघड दिसत होतं. न्यूयॉर्कमध्ये वुल्फ आणि शिन्या या दोघा डॉक्टरांनी १९६९ च्या सुमारास लवचीक दुर्बिणीतूनच तारेचा फास टाकून आतड्यातले कोंब, म्हणजे पॉलिप, काढायला सुरुवात केली. यातल्या काही कोंबांचाच पुढे वर्षानुवर्षांत कर्करोग होतो, तेव्हा कोंब काढला की रोगाचं मूळच गेलं. ज्ञान होतं, हत्यार होतं. पण संडासात रक्त दिसलं हे बायकोला सांगायला नवरा धजत नव्हता, ते डॉक्टरांपर्यंत कसं जाणार?

तोंड उघडलं ते आधी अमेरिकेत, आणि तेही नाइलाजाने. जुलै १९८५ मध्ये अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्या मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागात मोठा कोंब सापडला. त्यांचं जवळपास दोन फूट आतडं काढलं, आणि ऑपरेशनपुरती सत्ता काही तास उपाध्यक्ष बुश यांच्याकडे होती. दोन दिवसांनी डॉ. स्टीव्हन रोझेनबर्ग यांनी पत्रकारांसमोर आडपडदा न ठेवता सांगितलं की अध्यक्षांना कर्करोग आहे. वर्तमानपत्रांत आतड्याच्या आकृत्या छापून आल्या. सरकारी कर्करोग माहिती सेवेचे फोन खणखणू लागले. गंमत म्हणजे खुद्द रेगन नंतर म्हणत राहिले की कर्करोग मला नव्हताच, माझ्यात असलेल्या एका गोष्टीत तो होता आणि ती काढून टाकली. देशाने शब्द उच्चारला, पेशंटने नाही.

त्याच वर्षी लंडनमध्ये एक काम सुरू झालं, त्याचा गाजावाजा कमी झाला, पण मला ते जास्त मोलाचं वाटतं. विकी क्लेमेंट-जोन्स या स्वतः डॉक्टर. त्यांना अंडाशयाचा कर्करोग झाला, आणि पेशंट झाल्यावर आपल्यालाही सरळ भाषेतली माहिती मिळत नाही हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी ‘बॅकअप’ ही संस्था काढली. फोनवर प्रशिक्षित परिचारिका, आणि एकेका कर्करोगावर एकेक पुस्तिका. त्या १९८७ मध्ये गेल्या, पुस्तिका निघत राहिल्या. पुढे मुंबईच्या ‘जॅसकॅप’ने याच पुस्तिका भारतीय भाषांत आणल्या, त्यांत मराठीही होती. आतड्याच्या कर्करोगाबद्दल मराठी पेशंटच्या हातात पडलेल्या धड माहितीचा एक धागा असा लंडनच्या एका आजारी डॉक्टरीणबाईंपर्यंत जातो.

मूर गेला त्याच वर्षी अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातला मोठा अभ्यास छापून आला. सेहेचाळीस हजारांवर माणसं, शौचातलं न दिसणारं रक्त शोधायची साधी चाचणी. दरवर्षी चाचणी करणाऱ्यांत या रोगाने होणारे मृत्यू ३३ टक्क्यांनी कमी. ग्वायकम नावाच्या झाडाची राळ लावलेल्या कागदावर शौचाचा ठिपका घ्यायचा, वर हायड्रोजन पेरॉक्साइडचे थेंब टाकायचे, रक्त असेल तर कागद निळा होतो. चाचणी इतकी साधी, आणि ती करून घ्यायला माणसं मिळवणं तितकंच अवघड.

२००० च्या मार्चमध्ये अमेरिकन टीव्हीवरच्या लोकप्रिय निवेदिका केटी कुरिक यांनी स्वतःची कोलोनोस्कोपी, म्हणजे आतड्याची दुर्बिणीतून तपासणी, कॅमेऱ्यासमोर करून घेतली. त्यांचे पती जे मोनाहन दोन वर्षांपूर्वी, वयाच्या ४२ व्या वर्षी याच रोगाने गेले होते. नंतरच्या अभ्यासात दिसलं की कार्यक्रमानंतर या तपासण्या सुमारे पाचव्या हिश्शाने वाढल्या, आणि वाढ साधारण नऊ महिने टिकली. मी हा आकडा दोन्ही बाजूंनी वाचतो. एका बाईच्या धैर्याने एवढं झालं. आणि एवढ्याने नऊ महिनेच झालं.

म्हणून इंग्लंडने २००६ मध्ये जे केलं ते निराळं. साठीतल्या माणसांच्या घरी दर दोन वर्षांनी टपालाने पाकीट. आत पुठ्ठ्याच्या काड्या आणि सहा खिडक्यांचं कार्ड. तीन वेळच्या शौचाचे प्रत्येकी दोन ठिपके, तारीख घालून, आणि कार्ड परत टपालपेटीत. वाचायलाच किळस येते, त्यामुळे पुष्कळांची पाकिटं तशीच पडून राहिली. २०१९ पासून ‘फिट’ ही नवी चाचणी आली. एकदाच, छोट्या बाटलीच्या झाकणाला लावलेल्या काडीने. परत येणारी पाकिटं लगेच वाढली. प्रबोधनाच्या भाषणांनी जे साधलं नाही ते दोन खेपा वाचवल्याने थोडंफार साधलं.

मग डेबोरा जेम्स. शाळेत उपमुख्याध्यापिका, २०१६ च्या अखेरीस, वयाच्या ३५ व्या वर्षी निदान, तेही चौथ्या पायरीवर (ड्यूक्सच्या तिन्हींपुढची, रोग दूरच्या अवयवांत पसरल्याची). तिने वर्तमानपत्रात सदर लिहिलं, बीबीसीच्या पॉडकास्टवर शौचाचा विषय हसत-खिदळत काढला, उपचार चालू असताना नाचून दाखवलं. काहींना ते थिल्लर वाटलं. मला वाटतं, या आजाराला घाबरण्यापेक्षा लाजण्यानेच जास्त माणसं गेली असतील, आणि लाज घालवायला गांभीर्य फारसं कामाचं नसतं. मे २०२२ मध्ये ती अखेरच्या दिवसांसाठी आईवडिलांच्या घरी गेली, राजपुत्र विल्यम ‘डेम’ हा किताब द्यायला त्या घरी गेले, आणि कर्करोगासाठी तिने काढलेल्या निधीत साठ लाखांहून जास्त पौंड जमले. २८ जूनला ती गेली. त्या मे ते जुलैत इंग्लंडमध्ये पचनमार्गाच्या खालच्या भागाच्या कर्करोगाच्या शंकेने १ लाख ७० हजारांवर माणसं तपासणीला पाठवली गेली, आदल्या वर्षीपेक्षा ३० हजारांहून जास्त. सुपरमार्केटमधल्या टॉयलेट पेपरच्या पुड्यांवर लक्षणं छापली जाऊ लागली. माहिती लागते तिथेच, त्या क्षणी.

आपल्याकडे चित्र वेगळं आहे. सरकारच्या २०१६ च्या तपासणी आराखड्यात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख आहे, आतडं नाही. हा रोग इथे पाश्चात्त्यांच्या मानाने कमी आहे, तेव्हा निर्णयाला आधार आहे. पण पेशंट येतात ते पुष्कळदा तरुण आणि उशिरा. पोट साफ होतं की नाही यावर मराठी माणूस चहाच्या कपावर तासभर बोलेल, इसबगोल आणि एरंडेलाचे सल्ले देईल. रक्ताचं मात्र तो सांगत नाही. त्यासाठी एसटी स्टँडच्या भिंतीवरची पाटी आहे: ‘मूळव्याध, भगंदर, बिनऑपरेशन खात्रीशीर इलाज’. आता तीच पाटी मोबाइलवर व्हिडिओ होऊन येते, खाली हजारो लाइक. बहुतेकांना खरोखर मूळव्याधच असते, म्हणून तर घात होतो. रक्त, बदललेली शौचाची सवय, कारण नसताना उतरलेलं वजन, पुरुषाला अचानक निघालेला ॲनिमिया, यातलं काही तीन आठवडे राहिलं तर ते मूळव्याधच आहे असं पाहिल्याशिवाय कुणालाच सांगता येत नाही. गुदाशयातली गाठ पुष्कळदा डॉक्टरांच्या बोटाला लागते. हातमोजा, थोडी जेली आणि मिनिटभर वेळ. वर्षभर चूर्ण आणि मलमांवर काढलेल्या पेशंटची फाइल उघडावी, तर ही तपासणी झाल्याची नोंदच कुठे नसते.