प्रवाळावरची राजधानी

नान माडोलच्या भिंतींत चुना नाही, माती नाही आणि छिन्नीचा घावही जवळजवळ नाही. काळ्या बेसॉल्टचे पाच-सहा कोनांचे लांबलचक खांब निसर्गात जसे मिळाले तसेच आणून आडवे रचले आहेत. एक थर भिंतीच्या लांबीला धरून, त्यावरचा तिला काटकोनात, मग पुन्हा पहिल्यासारखा. मधली पोकळी प्रवाळाच्या तुकड्यांनी भरलेली. नानडोवास या राजसमाधीभोवतीची भिंत एवढ्या भांडवलावर सुमारे साडेसात मीटर उंच गेली आहे. कोपऱ्यांशी ती नावेच्या नाळेसारखी वर उचललेली दिसते. आणि हे सारं समुद्रात, उथळ प्रवाळखडकावर उभं आहे.

हे ठिकाण प्रशांत महासागरातल्या मायक्रोनेशिया संघराज्यात, पोनपेई बेटाच्या पूर्व किनाऱ्यालगत आहे. पोनपेई म्हणजे समुद्रातून वर आलेला जुना ज्वालामुखी. मधले डोंगर दाट झाडीने आणि ढगांनी झाकलेले, पाऊस प्रचंड, किनाऱ्याला वाळूपेक्षा खारफुटीच जास्त. शेजारच्या छोट्या तेम्वेन बेटाच्या कडेला माणसांनी दगड आणि प्रवाळ टाकून सुमारे शंभर बेटं तयार केली आणि मधे कालवे ठेवले. भरतीच्या वेळी या कालव्यांतून होडी फिरते, ओहोटीला तळ उघडा पडतो. पान केदिरा या बेटावर राजाचा निवास होता. इदेद बेटावर पवित्र मानलेल्या वाम माशाला कासवाचं मांस अर्पण केलं जाई.

खांबांचं गूढ वाटायचं कारण नाही. लाव्हा थंड होताना आकसतो, त्याला भेगा पडतात आणि त्या खोल जात जात खडकाचे बहुकोनी स्तंभ सुटे होतात. अंधेरीची गिल्बर्ट हिल ज्यांनी पाहिली आहे त्यांनी हीच किमया पाहिली आहे. खरं नवल आहे ते वाहतुकीचं. दगडांचं रासायनिक विश्लेषण केल्यावर समाधीचे काही खांब बेटाच्या थेट पलीकडच्या बाजूहून आणल्याचं दिसलं. कित्येक टनांचे हे खांब तराफ्यांवरून किनाऱ्याकिनाऱ्याने आणले असावेत, असा तर्क आहे. स्थानिक परंपरा सांगते की ओलिसिपा आणि ओलोसोपा या दोन भावांनी मंत्रबळाने ते हवेतून उडवत आणले.

बाहेरच्या लोकांनी मात्र याहून विचित्र कथा रचल्या. विसाव्या शतकात जेम्स चर्चवर्ड यांनी 'मू' नावाच्या कल्पित बुडालेल्या खंडात नान माडोल ओढलं. पुढे काहींनी परग्रहवासीयांनाही बोलावलं. अशा कथांचा मला राग येतो. तिथे राहणाऱ्या लोकांच्या पूर्वजांनी एवढं बांधलं असेल, हे मानायची तयारीच नसल्याची ती कबुली आहे. बांधणारे कोण, हे पोनपेईतल्या कुणालाही विचारा.

ते सौदेलूर राजे. त्यांनी सगळं बेट एका सत्तेखाली आणलं आणि सरदारांना गावाकडे न ठेवता आपल्या नजरेखाली, नान माडोलमध्ये वसवलं, असं सांगतात. या कारभाराला तारीख मिळाली ती प्रवाळामुळे. जिवंत प्रवाळ समुद्राच्या पाण्यातलं युरेनियम शोषून घेतो. त्याचं हळूहळू थोरियम होतं, आणि दोघांच्या प्रमाणावरून वय काढता येतं. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार नानडोवासच्या समाधीचं बांधकाम इ.स. 1180 ते 1200च्या सुमाराचं आहे.

या शहरात ना गोडं पाणी होतं, ना शेत. राजाच्या ताटातलं आणि सरदारांच्या घड्यातलं सगळं होडीतून यायचं, म्हणजे कुणाच्या तरी खांद्यावरून आणि कुणाच्या तरी वल्ह्यावरून. लिडार या लेसर-मोजणीने अलीकडे तेम्वेनच्या झाडीखाली जुन्या लागवडीच्या खुणा दाखवल्या आहेत. थोडेफार कंद शेजारीच पिकत असावेत. तरी भार रयतेवरच होता. मौखिक इतिहासात शेवटचे सौदेलूर जुलमी ठरतात ते उगीच नव्हे. कोसराए बेटावरून इसोकेलेकेल 333 योद्धे घेऊन आला, त्याने राजवट उलथवली, आणि शेवटचा सौदेलूर पळता पळता ओढ्यात मासा झाला, अशी कथा आहे.

इसोकेलेकेलपासून सुरू झालेली 'नानम्वार्की' ही प्रमुखपदाची परंपरा आजही चालू आहे. समारंभात साकाऊ हे पेय बनवण्यासाठी त्याच नावाच्या झुडपाची मुळं सपाट दगडावर कुटली जातात. दगडावर दगड आदळून घंटेसारखा नाद घुमतो. मग तो चोथा जास्वंदीच्या जातीच्या झाडाच्या ओल्या सालीत गुंडाळून पिळतात. बुळबुळीत, मातकट रस नारळाच्या करवंटीत उतरतो आणि मानाची करवंटी नानम्वार्कीकडे जाते. स्पॅनिश, जर्मन, जपानी आणि अमेरिकी अशा चार राजवटी येऊन गेल्या, तरी हा मान टिकला.

1907 साली बेटाचे जर्मन प्रशासक व्हिक्टर बेर्ग यांनी नान माडोलच्या समाधीत खोदकाम केलं आणि लगोलग त्यांचा मृत्यू झाला. लोकांनी त्याचा अर्थ काय लावला हे सांगायला नको. कबरी उकरू नयेत हा संकेत तिथे आजही मनापासून पाळला जातो, आणि मला तो पुरातत्त्वाच्या आड येणारा वाटत नाही. समाधी ज्यांच्या पूर्वजांची, त्यांना विचारूनच तिथे हात लावायला हवा.

2016 साली युनेस्कोने नान माडोलला जागतिक वारसा यादीत घेतलं आणि त्याच वेळी धोक्यातील वारशांच्या यादीतही घातलं. कालवे गाळाने भरत चालले आहेत. खारफुटीची मुळं खांबांच्या फटींत शिरून भिंती उचकटतात. पण ही झाडं सरसकट उपटता येत नाहीत, कारण मुळं ओढली की त्यांच्यात अडकलेले दगडही ढासळतात. त्यामुळे कुठलं झाड तोडायचं, कुठलं फक्त छाटायचं आणि कुठल्या भिंतीला आधी टेकू द्यायचा, हे एकेका बेटावर पाहून ठरवावं लागतं. त्यासाठी पैसा आणि तज्ज्ञ बाहेरून येऊ शकतात, पण जागेवरचा हक्क आणि शेवटचा शब्द पोनपेईच्या लोकांचाच राहायला हवा.