आधी खुर्चीला हात लावून बघ, मावशी!

"बसू नकोस. आधी खुर्चीला हात लावून बघ, मावशी."

रात्री कराडहून महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये बसलेली मी सकाळी सीएसएमटीला उतरले होते. डोळ्यांवर झोप, हातात चटण्यांच्या बरण्यांची जड पिशवी, चहाची तल्लफ आलेली, आणि ही मुलगी मला खुर्चीला हात लावायला सांगतेय! माझी भाची मुंबईत डिझाइनचं काम करते. म्हणजे नेमकं काय करते हे आमच्या घरात अजून कुणाला नीटसं कळलेलं नाही, पण तिच्याबरोबर कुठे जायचं म्हणजे पायाला भिंगरी आणि मानेला वळसे हे मात्र सगळ्यांना ठाऊक झालंय. चालता चालता थांबते, वर बघते, दाराच्या कडीवरून हात फिरवते. लोक बघत राहतात!

आम्ही धोबीतलावला, मेट्रो सिनेमाजवळच्या 'कयानी'त गेलो होतो. १९०४ सालचं हे इराणी हॉटेल. काचेच्या कपाटात मावा केक नि बिस्किटं, टेबलांवर चौकडीचं कापड आणि त्यावर काच. आणि त्या खुर्च्या. लाकडाच्या, काळसर, पाठीला गोल वळण असलेल्या. हात लावला तर खरंच, पाठीच्या त्या कमानीला कुठे सांधा लागेना. लाकूड कापून जोडलेलं नव्हतं, वाकवलेलं होतं.

मग ब्रून मस्का आणि चहा येईपर्यंत मला सगळी कथा ऐकायला मिळाली. मायकेल थोनेट नावाचा एक जर्मन सुतार व्हिएन्नाला काम करायचा. बीच जातीच्या लाकडाला वाफ द्यायची, ते मऊ झालं की साच्यात वाकवायचं, ही त्याची रीत. १८५९ साली त्याने जी खुर्ची काढली तिच्यात लाकडाचे तुकडे फक्त सहा, स्क्रू दहा आणि नट दोन. सुटे भाग करून एक मीटर लांब, तेवढ्याच रुंद आणि उंच खोक्यात ३६ खुर्च्या मावायच्या! म्हणून तर ती आगबोटीतून जगभर गेली. ती आणि तिच्या जातीच्या खुर्च्या मुंबईच्या इराण्यांनी आणल्या. हलकी, मजबूत, झाडताना एका हाताने उचलता येणारी. मला तर ते ३६ खुर्च्यांचं खोकं फारच आवडलं. आपण नाही का, दिवाळीचे डबे भरताना चकल्या उभ्या लावतो!

आता खरं सांगते, मुंबईला मी खुर्च्या बघायला गेले नव्हते. आमच्या बचत गटाचा स्टॉल वांद्र्याला 'महालक्ष्मी सरस' प्रदर्शनात लागायचा होता. माल घेऊन तिघी जणी टेम्पोने पुढे गेल्या होत्या. आणि माझ्या पर्समध्ये एक घडी घातलेला कागद होता, त्याची मला जास्त काळजी होती. एसटी स्टँडजवळ आम्हाला दहा बाय चौदाचा एक गाळा भाड्याने मिळणार होता. तिथे गटाचं चहा-नाश्त्याचं हॉटेल काढायचं ठरलं होतं आणि तो कागद म्हणजे एका ठेकेदाराने दिलेला 'इंटिरियर'चा अंदाज. खोटं छत, त्यात निळे-जांभळे दिवे, भिंतींना चकचकीत सनमायका, बाहेर मोठा फ्लेक्स. एक लाख ऐंशी हजार रुपये. एवढं कर्ज काढायचं की नाही, हे मी परत आल्यावर ठरणार होतं. माझं मत? मी तोवर 'काढू या' म्हणणाऱ्यांतली होते.

भाचीने तो कागद वाचला आणि काहीच बोलली नाही. नुसतं म्हणाली, "आज माझ्याबरोबर खा, मावशी. मग बघू."

इराणी हॉटेलं बहुतेक रस्त्याच्या कोपऱ्यावर असतात हे मी इतकी वर्षं बघत होते, पण का ते माहीत नव्हतं. कोपऱ्याची जागा अशुभ म्हणून इतर दुकानदार घेत नसत, ती इराणमधून आलेल्या या माणसांच्या वाट्याला आली, असं सांगतात. त्यांना ती फळलीच. दोन्ही रस्त्यांवरून गिऱ्हाईक, दोन्हीकडून उजेड, दोन्हीकडून वारा. भिंतीवर आरसे, ते काही शोभेचे नव्हेत. गल्ल्यावर बसलेल्या शेटला मागचंही टेबल दिसावं, आणि लहान जागा मोठी वाटावी.

पण माझ्या मनात घर केलं ते 'फॅमिली रूम'ने. जुन्या इराण्यांकडे बायका आणि कुटुंबांसाठी वेगळी खोली नाहीतर आडोसा असायचा. ज्या काळात घरंदाज बाईने हॉटेलात जाणं म्हणजे कपाळाला हात लावायची गोष्ट होती, त्या काळात तिथे बाई निवांत बसून चहा पिऊ शकायची. आज अशी इराणी हॉटेलं शहरात थोडीच उरलीत. आणि गंमत बघा, ती मिटत चाललीत तशी त्यांची नक्कल महाग होत चाललीय. संध्याकाळी भाचीने मला असं एक नवं कॅफे दाखवलं. तशाच खुर्च्या, तशीच चौकडी, तसाच कटिंगचा ग्लास, आणि चहाची किंमत ऐकून मी ग्लास खाली ठेवला! आमच्या गटाचा अर्धा दिवसाचा दुधाचा खर्च निघाला असता त्यात.

दुपारी लोकलने माटुंग्याला गेलो. बायकांच्या डब्यात शिरले आणि माझे डोळेच निवले. टीव्हीवर आपण ज्या मुंबईच्या बायका बघतो, त्या काही डब्यात दिसल्या नाहीत मला. सुती कुडता, ओढणीला दोन पिना, पायात कोल्हापुरी, खांद्यावर पोट फुगलेली कापडी पिशवी. एकीने कितीतरी वर्षांची असावी अशी इरकल साडी नेसली होती आणि मनगटावर पुरुषी मोठं घड्याळ. एकीचा झगा चक्क खणाचा! आपल्या आज्या गुळेदगुड्डच्या खणाची चोळी शिवायच्या, तोच खण. दांडीला लटकवलेल्या कानातल्यांच्या कार्डांचा पडदा घेऊन विक्रेती आली आणि निम्मा डबा तिच्याभोवती. दहा मिनिटांत तिने कितीजणींचे कान सजवले! नट्टापट्टा म्हणावा असं काहीच नाही, पण प्रत्येकीने स्वतःला कुठेतरी एकदा आरशात बघितलंय हे कळत होतं.

कोल्हापुरीवरून आठवलं. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्राचे चार जिल्हे आणि कर्नाटकचे चार मिळून. त्यात आपला साताराही आहे. आणि २०२५ च्या जूनमध्ये इटलीच्या एका बड्या कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये तशीच चप्पल मॉडेलच्या पायात घातली, आपल्याकडचं नावही न घेता. ओरड झाली तेव्हा कुठे मूळ कुणाचं ते कबूल केलं. आपण मात्र लग्नाला जाताना कोल्हापुरी काढून ठेवतो आणि टाच उचललेली प्लॅस्टिकची सँडल घालतो. मी स्वतः घालते, म्हणून बोलतेय.

माटुंगा स्टेशनवर उतरलो. मध्य रेल्वेवरच्या या स्टेशनाचा सगळा कारभार २०१७ साली बायकांच्या हाती दिला गेला. तिथून जवळच 'रामा नायक यांचं उडुपी', १९४२ पासूनचं. केळीच्या पानावर जेवण. भाताचे ढीग, सार, भाज्या, वाढणारे पायाला चाकं लावल्यासारखे फिरतायत. सजावट म्हणाल तर शून्य! पण टेबल पुसलेलं, पान धुतलेलं, पाणी आधी, वाढप एका ठरलेल्या क्रमाने. मागून कॉफी आली ती पितळी रंगाच्या पेल्यात, खाली पसरट वाटी. पेल्याची कड बाहेर वळवलेली असते ना, ती बोटं भाजू नयेत म्हणून. आणि वाटी कॉफी वरखाली करून निववायला. भाची म्हणाली, "हे बघ, इथे एकही गोष्ट उगाच नाही." मी मनात त्या निळ्या-जांभळ्या दिव्यांची किंमत काढत होते.

वडापाव तर आपण रोज बघतो. पण तोही एकदा तिच्या डोळ्यांनी बघितला. एका हातात मावतो, ताट नको, चमचा नको, दुसरा हात लोकलच्या दांड्याला मोकळा. पाव हीच ताटली, आणि ती शेवटी खाऊन टाकायची! फक्त तो वर्तमानपत्राचा कागद सोडा हं बायांनो. छपाईची शाई गरम तेलाबरोबर पोटात जाते, म्हणून अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१६ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये बजावलंय. आमच्या गावात अजून सर्रास चालतं.

प्रदर्शन संपलं, चटण्या संपल्या, मी परत आले. बैठकीत उत्साहाने सगळं सांगितलं. खोटं छत नको, चुन्याची पांढरी भिंत, खांद्याइतक्या उंच साध्या फरशा, जुन्या लाकडी खुर्च्या शोधू, पत्र्यावर हाताने रंगवलेली पाटी… मी बोलतच होते. सगळ्या ऐकून घेत होत्या. मग एकजण, जी सगळ्यांत कमी बोलते, ती म्हणाली, "ताई, तुमास्नी जुनं आवडतंय, कारण तुमच्या घरात नवं हाय. माझ्या घरात समदं जुनंच हाय. हाटेलात तरी चकचकीत बघू द्या की."

मैत्रिणींनो, मला उत्तर सुचलं नाही. अजूनही पूर्ण सुचलेलं नाही. पत्र्याच्या घरात राहणाऱ्या बाईला चुन्याची भिंत 'सुंदर' कशी वाटावी? तिने ती आयुष्यभर सारवलीय, पोतारलीय. साधेपणाचं कौतुक करायला आधी साधेपणातून बाहेर पडावं लागतं बहुतेक. भाचीला फोन केला, तीही गप्प झाली.

वाट काढली ती आक्कांनी. आक्का आमच्यातल्या सगळ्यांत थोरल्या, वीस वर्षं भज्यांची गाडी चालवलेल्या. त्या म्हणाल्या, "छत-बित ऱ्हाऊ द्या. तेलाचा धूर वर जाणार, त्याला पुसणार कोण? मला हात पोचतोय तेवढंच करा." वीस वर्षांच्या धुरातून आलेलं शहाणपण. छत गेलं, दिवे गेले, सनमायकाही गेली. 'चकचकीत बघू द्या' म्हणणारीला पुढचा कट्टा ग्रॅनाइटचा मिळाला, काळाभोर, तोंड दिसेल असा. भिंतीला फरशा. कर्ज पासष्ट हजारांवर आलं.

मी एकाच गोष्टीसाठी हट्ट धरला. आतल्या बाजूला, रस्त्यावरून थेट दिसणार नाहीत अशी दोन टेबलं, फक्त बायका आणि लेकुरवाळ्यांसाठी. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून आमच्या स्टँडवर एकट्या येणाऱ्या बायका किती वाढल्यात! बाजाराला, दवाखान्याला, माहेरी. पण गाडीला तासभर असला तर बसायचं कुठे? स्टँडासमोरच्या टपरीवर बाई एकटी चहा पीत उभी राहिली की चार माना वळतातच. मीही कितीदा तहान मारून बाकावर बसलेय. दोन टेबलं म्हणजे गिऱ्हाइकांची जागा अडते, धंदा बुडेल, असा हिशेब एकीने मांडला, आणि तो चुकीचा नव्हता. शेवटी 'महिनाभर बघू' यावर तह झाला.

पाटी रंगवायला एक जुने पेंटरकाका शोधून काढले. फ्लेक्स आल्यापासून त्यांना काम नव्हतं, शेताच्या बांधावर दगडांना गट क्रमांक घालत होते. त्यांनी पत्र्यावर पिवळ्यावर लाल अक्षरं काढली, 'चहा' मधल्या 'ह'ला असं काही वळण दिलं की मुलं उभी राहून बघत होती. फ्लेक्सपेक्षा महाग पडली, हेही सांगून टाकते. खुर्च्या मात्र हव्या तशा मिळाल्याच नाहीत. मंडपवाल्याकडच्या लोखंडी घडीच्या खुर्च्या स्वस्तात घेतल्या, निळा रंग दिला. बसायला बऱ्या आहेत, उचलायला जड.

महिना कधीच होऊन गेला. आतली दोन टेबलं अजून आहेत. दुपारी बारा ते चार तिथे जागा नसते, आणि बाया एकेका चहावर तासभर बसतात म्हणून हिशेब मांडणारी अजून कुरकुरते. गेल्या आठवड्यात एक तरुण मुलगी पोराला पाजत तिथे बसली होती, आक्का तिला न विचारता पाण्याचा तांब्या ठेवून गेल्या.

आणि ग्रॅनाइटवाली? तिचा कट्टा ती दिवसातून तीसेक वेळा पुसते. परवा भाची आली होती, तिने कट्ट्यावरून हात फिरवला तशी ती म्हणाली, "बघितलंत का, हळदीचा डागसुद्धा ऱ्हात न्हाई." भाचीने मग वाकून कट्ट्याची कड बघितली, गोलवलेली आहे का ते. गोलवलेली होती.