लोणारची दुपार, ॲरिझोनाची रात्र

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार आणि अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातील बॅरिंजर ही दोन्ही विवरे अशनीच्या आघाताने झाली. लोणारचे विवर बेसाल्ट खडकात असून त्यात खारे सरोवर आहे. बॅरिंजरचे चुनखडी व वाळूच्या खडकांत असून ते कोरडे आहे.

पृथ्वीला १ अंश फिरायला ४ मिनिटे लागतात. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची. लोणार त्याच्या पश्चिमेला ६ अंश. म्हणून तेथे माध्यान्ह सरासरी १२ वाजून २४ मिनिटांनी होते. ॲरिझोनाची प्रमाणवेळ १०५ अंश पश्चिम रेखांशाची, बॅरिंजर १११ अंशांवर. पुन्हा ६ अंश, तीच २४ मिनिटे! मात्र लोणारला माध्यान्ह होते, तेव्हा तिकडे आदल्या रात्रीचे ११ वाजून ५४ मिनिटे झालेली असतात.

तुमच्या गावची माध्यान्ह केव्हा? नकाशात रेखांश पाहून गणित करा. मग काठी रोवून सर्वांत आखूड सावलीची वेळ नोंदवा. ऋतुमानाप्रमाणे ती सुमारे पाव तास मागेपुढे होईल.