घडी कां बिघडते ?



गेल्या वर्षीं संगणकाच्या तासाला एक मुलगा अगदीं रडकुंडीस आला होता. सी भाषेंत लिहिलेली आपली दोनशें ओळींची आज्ञावली त्यानें ‘व्हिम’ नांवाच्या लेखन-संपादकांत उघडली, तों पडद्यावर जेमतेम सात ओळी दिसल्या ! त्यांतील एक निरुपयोगी वाटली म्हणून त्यानें ‘डी’ ही कळ दोनदां दाबून ती पुसली. वस्तुतः ती एक ओळ नसून चाळीस ओळींची मिटलेली घडी होती. ‘यू’ ही कळ दाबतांच सारें परत आलें हें खरें. परंतु घडी म्हणजे काय हें ठाऊक असतें, तर हा घोर लागला नसता.

ब्रॅम मोलेनार ह्या डच गृहस्थांनीं व्हिम १९९१ सालीं प्रथम प्रसिद्ध केला. घडी घालण्याची सोय त्यांत २००१ सालीं, सहाव्या आवृत्तींत आली. घडी मजकूर झांकते, नाहींसा करीत नाहीं. मात्र मिटलेल्या घडीवर पुसण्याची आज्ञा दिल्यास आंतील सर्व ओळी जातात, हें पालकांनींही मुलांस अवश्य सांगावें.

घडी घालण्याच्या अनेक रीति आहेत. त्यांपैकीं एकींत संपादक भाषेचें व्याकरण पाहून, कोणता भाग कोठें सुरू होतो व कोठें संपतो हें स्वतःच ठरवितो. मेजर थॉमस कँडी ह्यांनीं एकोणिसाव्या शतकांत मराठींत विरामचिन्हें रूढ केलीं. तेव्हांपासून वाक्य कोठें संपलें हें वाचकास चिन्हावरून कळूं लागलें. संपादकाचेंही तसेंच आहे. त्याला अर्थ कळत नाहीं, चिन्ह कळतें. चिन्ह चुकलें कीं घडी चुकते.

आतां घडी बिघडल्यास काय करावें, तें क्रमानें पाहूं.

प्रथम ‘झेड’ व मोठा ‘आर’ ह्या कळा दाबून सर्व घड्या उघडाव्या, म्हणजे कांहीं हरवलें नाहीं अशी खात्री पटते.

दुसरें, कोलन देऊन ‘सेट फोल्डमेथड?’ असें विचारावें. ‘मॅन्युअल’ असें उत्तर आल्यास संपादक व्याकरणाकडे पाहतच नाहीं. तेथें ‘सिंटॅक्स’ ही रीत लावावी.

तिसरें, ‘सेट फाइलटाइप?’ असें विचारून भाषा बरोबर ओळखली गेली आहे कीं नाहीं, हें पाहावें व ‘सिंटॅक्स ऑन’ ही आज्ञा द्यावी. कांहीं भाषांच्या व्याकरण-फाइलींत घडीची सूचनाच नसते. पायथनसारख्या, ओळींच्या समासावर चालणाऱ्या भाषेस ‘इंडेंट’ ही रीत अधिक सोईची.

चौथें, एकच घडी थेट शेवटच्या ओळीपर्यंत पसरली असेल, तर वर कोठेंतरी महिरपी कंस किंवा टीपेचें चिन्ह बंद करावयाचें राहिलें आहे असें समजावें. कंसावर येऊन टक्क्याचें चिन्ह दाबलें असतां त्याचा जोडीदार सांपडतो. न सांपडल्यास दोष तेथेंच.

इतकेंही करून भागलें नाहीं, तर ‘सिंटॅक्स सिंक फ्रॉमस्टार्ट’ ही आज्ञा द्यावी. वेळ वांचावा म्हणून संपादक पुष्कळदां थोड्याच मागील ओळी पाहून अंदाज बांधतो. ह्या आज्ञेनें तो आरंभापासून वाचूं लागतो. फाइल मोठी असल्यास काम किंचित् मंदावतें, एवढेंच.

आपल्या उत्तनच्या किनाऱ्यावर जाळें ओढतांना मासळी निसटते ती शेवटीं; पण भोंक आधींच पडलेलें असतें. म्हणून जाणता कोळी सुकत घातलेलें जाळें टोंकापासून हातानें चांचपून पाहतो. त्या मुलाचा न मिटलेला कंस बाराव्या ओळींत सांपडला. घोटाळा मात्र त्यास शंभराव्या ओळींत दिसत होता. चूक जेथें दिसते तेथेंच ती असते असें नाहीं. जरा मागें जाऊन पाहावें, हेंच खरें.