टस्कीगीच्या 28 बाजू

वीणा गवाणकरांच्या 'एक होता कार्व्हर' या पुस्तकामुळे अमेरिकेतल्या टस्कीगी गावाचं नाव मराठी घराघरांत पोचलं. टस्कीगी इन्स्टिट्यूटचे संस्थापक बुकर टी. वॉशिंग्टन, भुईमूग, रताळी, कापसाने खंगलेली जमीन, हे सगळं वाचकांना पाठ आहे. मला वर्षानुवर्षं कुतूहल होतं ते पुढच्या काळाचं. तिथे शिकवणारे कृषिशास्त्रज्ञ कार्व्हर 1943मध्ये गेले. कृष्णवर्णीयांच्या या संस्थेने घडवलेल्या प्राध्यापकांना, डॉक्टरांना, परिचारिकांना त्यांच्याच गावाच्या कारभारात काय जागा मिळाली? हा शोध मला अलाबामा विधिमंडळाच्या 1957 सालच्या 'स्थानिक कायदा क्रमांक 140'पर्यंत घेऊन गेला.

वरवर पाहिलं तर हा भूमापनाचा कागद आहे. अमुक कोपऱ्यापासून उत्तरेकडे इतके फूट, तिथून पूर्वेकडे इतके फूट, असं करत करत टस्कीगी शहराची नवी हद्द आखलेली. वर्णाचा उल्लेख एका शब्दानेही नाही. पण ही अंतरं कागदावर मांडली की पूर्वीच्या चौकोनी शहराची 28 बाजूंची वेडीवाकडी आकृती होते. शहरात सुमारे 400 कृष्णवर्णीय मतदार होते; नव्या हद्दीत त्यांतले चार-पाच उरले. गोरा मतदार एकही बाहेर गेला नाही. टस्कीगी इन्स्टिट्यूट टस्कीगीच्या बाहेर पडली!

हे करावंसं का वाटलं, याचं उत्तर लोकसंख्येत आहे. सुमारे 6,700 वस्तीच्या गावात 5,400 लोक कृष्णवर्णीय होते. मतदानाचा हक्क त्यांना अमेरिकेच्या घटनेच्या 15व्या दुरुस्तीने 1870मध्येच दिलेला होता. तरीही सत्ता गोऱ्यांकडे राहिली ती मतदार नोंदणी मंडळाच्या जोरावर. नोंदणीसाठी दोन खोल्या, गोऱ्यांची वेगळी आणि काळ्यांची वेगळी. कृष्णवर्णीय अर्जदाराला घटनेतली लांबच लांब कलमं हाताने उतरवून काढायला लावत. एकेका अर्जाला तास जात, रांग बाहेर खोळंबून राही आणि कामाची वेळ संपे. कधी मंडळाचे सभासद राजीनामे देत आणि महिनोन् महिने नोंदणीच बंद पडे. पीएच.डी. झालेला प्राध्यापक नापास होई, जेमतेम शिकलेला गोरा शेतकरी पास.

या सगळ्यात मला ज्यांनी खिळवून ठेवलं ते चार्ल्स गोमिलियन. 1900मध्ये दक्षिण कॅरोलायनातल्या गरीब घरात जन्म, 1928पासून टस्कीगीत शिक्षक, विषय समाजशास्त्र. मतदार होण्यासाठी त्यांनी 1934मध्ये अर्ज केला, पण शिफारस करायला गोरी माणसं मिळेनात. अखेर स्वतःचं घर बांधायला काढलं तेव्हा त्यांनी गोऱ्या कंत्राटदाराला अट घातली, की शिफारस केलीस तर काम तुझं. 1939मध्ये त्यांचं नाव यादीत आलं. पाच वर्षं आणि एक घर, तेव्हा कुठे एक मत! पुढे 'टस्कीगी सिव्हिक असोसिएशन' या नागरी हक्कांच्या संघटनेची धुरा त्यांनी वाहिली. सभा गाजवणारा हा माणूस नव्हे. शांत, काटेकोर, थोडा अलिप्तच. त्यांचे सहकारी विल्यम मिचेल तर नोंदींचे पक्के. कोण अर्ज करायला गेलं, किती वेळ ताटकळलं, निकाल काय लागला, सगळं ते टिपून ठेवत. अन्यायाची अशी जमाखर्चाइतकी चोख वही ठेवणारी माणसं इतिहासात फार थोडी आणि त्यांची नावंही मागे पडतात. मला ती भाषणवीरांहून मोठी वाटतात.

140 क्रमांकाचं विधेयक आणणारे राज्य सिनेटर सॅम एंगलहार्ट हे टस्कीगीच्याच काउंटीतले बडे जमीनदार आणि वंशभेद टिकवण्यासाठी निघालेल्या 'व्हाइट सिटिझन्स कौन्सिल'चे पुढारी. गावातल्या कृष्णवर्णीयांनी उत्तर दिलं ते बाजारात. जून 1957मध्ये चर्चमध्ये प्रचंड सभा झाली आणि ठरलं, की जे आपले मित्र त्यांच्याच दुकानात खरेदी. 'बहिष्कार' हा शब्द मुद्दाम टाळला, कारण तसा बहिष्कार अलाबामात बेकायदा होता. राज्याच्या महाधिवक्त्याने सिव्हिक असोसिएशनच्या कचेरीवर धाड घातली, खटला भरला. तो टिकला नाही. गोऱ्यांची दुकानं मात्र ओस पडली, काहींना टाळं लागलं.

नव्या हद्दीविरुद्ध 'गोमिलियन विरुद्ध लाइटफूट' (लाइटफूट हे टस्कीगीचे महापौर) हा खटला फ्रेड ग्रे या तरुण वकिलाने दाखल केला. बसमधली जागा सोडायला नकार देणाऱ्या रोझा पार्क्स यांचे वकील तेच. खालच्या दोन्ही न्यायालयांत हार झाली. शहराची हद्द ठरवणं हा राज्याचा अधिकार, असं जुने निवाडे सांगत होते. सर्वोच्च न्यायालयातही धास्ती होती ती न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांची. मतदारसंघांच्या राजकारणात न्यायालयाने पडू नये, असा निकाल 1946मध्ये त्यांनीच लिहिला होता. ग्रे यांनी एकच केलं. जुना चौकोन आणि त्यातली नवी आकृती दाखवणारा मोठा नकाशा कोर्टात उभा केला. ग्रे यांनी पुढे सांगितलं आहे, की फ्रँकफर्टर नकाशा न्याहाळत होते आणि त्यांनी विचारलं, यात टस्कीगी इन्स्टिट्यूट कुठे आहे? ती हद्दीबाहेर आहे, हे ऐकून न्यायमूर्ती चकित झाले. 14 नोव्हेंबर 1960ला एकमताने निकाल लागला आणि तो लिहिला फ्रँकफर्टर यांनीच. राज्याचा अधिकार कितीही मोठा असला, तरी वर्णावरून मत हिरावण्यासाठी तो वापरता येणार नाही. 1961मध्ये जुनी हद्द परत आली आणि नोंदणीतला पक्षपातही न्यायालयाने त्याच वर्षी मोडून काढला.

इथे बहुतेक पुस्तकं थांबतात. मला मात्र त्यानंतरचं भांडण अधिक महत्त्वाचं वाटतं. बहुमत हाती येऊ लागलं तसं गोमिलियन म्हणू लागले, सत्ता वाटून घ्यायची, उलटवायची नाही. 1964च्या निवडणुकीत त्यांच्या गटाने नगरपालिकेच्या मोजक्याच जागांवर कृष्णवर्णीय उमेदवारांना पाठिंबा दिला. दोघे निवडून आले. गोऱ्यांनी आपल्याला वगळलं तसं आपण त्यांना वगळायचं नाही, ही त्यांची भूमिका प्रामाणिक होती आणि तिच्यामागे मोठं मन होतं. तरुणांना हे पटेना. पाचातल्या चारांहून जास्त लोक आपले, मग दोनच जागा का? जानेवारी 1966मध्ये सॅमी यंग हा 21 वर्षांचा विद्यार्थी पेट्रोल पंपावर स्वच्छतागृह वापरण्याच्या वादातून मारला गेला. गोळी झाडणारा गोरा होता. फक्त गोऱ्यांच्या ज्युरीने त्याला निर्दोष सोडलं. त्यानंतर संयमाचा सल्ला कोण ऐकणार? त्याच वर्षी कृष्णवर्णीय ल्युशियस अमरसन काउंटीचे शेरीफ म्हणून निवडून आले. 1970मध्ये फ्रेड ग्रे विधिमंडळात गेले, 1972मध्ये जॉनी फोर्ड हे कृष्णवर्णीय नेते टस्कीगीचे महापौर झाले. गोमिलियन यांच्याविषयी मला अपार आदर आहे, पण या वादात मी तरुणांच्या बाजूने आहे. धीर धरायला नेहमी त्यांनाच सांगितलं जातं, ज्यांनी आधीच पिढ्यान् पिढ्या धरलेला असतो.

आणि हद्दींचा तंटा अजून मिटलेला नाही. अलाबामाची चतुर्थांशाहून अधिक लोकसंख्या कृष्णवर्णीय. पण 2021च्या आखणीत संसदेच्या सात मतदारसंघांपैकी एकातच त्यांचं बहुमत होतं. 2023मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती आखणी 1965च्या मतदान हक्क कायद्याचा भंग करणारी असल्याचा खालच्या न्यायालयाचा निर्णय उचलून धरला. विधिमंडळाने पुन्हा टाळाटाळ केली, तेव्हा न्यायालयाने स्वतः नेमलेल्या तज्ज्ञाकडून नकाशा करून घेतला. त्यातल्या क्रमांक दोनच्या मतदारसंघात टस्कीगी आहे. नोव्हेंबर 2024मध्ये तिथून शोमारी फिगर्स हे कृष्णवर्णीय उमेदवार निवडून आले.