तान्हे बाळ आणि बाप : गैरसमज आणि वस्तुस्थिती

पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत अनेक मराठी कुटुंबांत आजही असल्यामुळे, खंडाळ्यासारख्या ठिकाणी नोकरीसाठी मागे राहिलेल्या बापाची आणि बाळाची पुरेशी ओळख पुष्कळदा बारशानंतरच होते. या दुराव्यातून बळावलेले काही समज तपासून पाहणे आवश्यक आहे.

गैरसमज : माया आईला उपजत असते, बापाला ती मूल बोलू लागल्यावर लागते.
वस्तुस्थिती : फिलिपिन्समधील सेबू येथील पुरुषांचा काही वर्षे मागोवा घेऊन २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की, वडील झाल्यावर पुरुषांतील टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाची, म्हणजे ग्रंथींतून रक्तात मिसळणाऱ्या रसायनाची, पातळी घटते आणि रोज तीन तास वा अधिक काळ मुलाचे संगोपन करणाऱ्यांत ती संगोपनात भाग न घेणाऱ्या वडिलांपेक्षा कमी असते. बापाची माया बाळाचे करता करता वाढते आणि शरीरही तिला साथ देते.

गैरसमज : बाळाला उराशी धरून ऊब देणे केवळ आईला जमते.
वस्तुस्थिती : कमी वजनाच्या बाळाला उघड्या छातीवर, त्वचेला त्वचा लागेल असे धरून ठेवण्याची ‘कांगारू मातृसेवा’ १९७८ मध्ये कोलंबियातील बोगोटा येथे सुरू झाली, नावात ‘मातृ’ असले तरी ती बापालाही देता येते. खंडाळ्याच्या पावसाळी गारठ्यात ही ऊब विशेष मोलाची ठरते. मात्र बापाला सर्दी-खोकला नसावा, बाळाचे नाक-तोंड मोकळे राहावे आणि बाळ कमी वजनाचे असल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

गैरसमज : बाळ अंगावर पीत असेपर्यंत बापाला करण्यासारखे काही नसते.
वस्तुस्थिती : ढेकर काढणे, दुपटी बदलणे, रात्री बाळाला आईजवळ आणून देणे आणि तिच्या जेवणाकडे व झोपेकडे लक्ष पुरवणे ही कामे बापाची आहेतच, शिवाय पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज मध, घुटी किंवा पाणी देऊ नये, हे घरातील वडीलधाऱ्यांना समजावण्याची जबाबदारी त्याने घेतल्यास बाळंतिणीवरचा ताण हलका होतो. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी घरोघरच्या नवजात-सेवेने बालमृत्यू घटवून दाखवले. आज सरकारी कार्यक्रमात, रुग्णालयातील प्रसूतीनंतर, आशा कार्यकर्ती ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येते. त्या वेळी बापाने हजर राहून धोक्याची लक्षणे समजून घ्यावीत : बाळाने दूध सोडणे, अंग थंड किंवा तापलेले असणे, श्वास जलद होणे.

गैरसमज : बाळंतपणानंतरचे नैराश्य पुरुषांना होत नाही.
वस्तुस्थिती : अनेक अभ्यास एकत्र तपासून २०१० साली काढलेल्या निष्कर्षानुसार, गर्भारपणापासून बाळाच्या पहिल्या वर्षापर्यंत सुमारे १० टक्के वडिलांना नैराश्य येते. पत्नीची किंवा स्वतःची उदासी दोन आठवडे टिकली, तर डॉक्टरांकडे जावे किंवा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर बोलावे.

गैरसमज : बापाला रजा सर्वत्र मिळतेच.
वस्तुस्थिती : आईसाठी २०१७ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने २६ आठवड्यांपर्यंत सवेतन रजा आहे, दोनपेक्षा कमी अपत्ये असलेल्या केंद्रीय कर्मचाऱ्याला, म्हणजे खंडाळ्यातील रेल्वे कर्मचाऱ्यालाही, १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते, पण तेथीलच हॉटेलात राबणाऱ्या बापासाठी तसा केंद्रीय कायदा नाही. ही विषमता दूर व्हायलाच हवी. तोवर ज्याला रजा नाही त्याने बाळाची अंघोळ, मालिश किंवा रात्रीचे निजवणे यांपैकी एक काम रोज स्वतःकडे ठेवावे, कारण बाळाची ओळख अशा नित्याच्या स्पर्शातूनच पक्की होते.