आतल्या खोलीतील कारकून
दर्शनी पेढीवरचा मुनीम गिऱ्हाइकाशी बोलत असावा आणि आतल्या खोलीतील कारकुनाने, कोणाचे तोंडही न पाहता, हिशेबाची चिठ्ठी बाहेर धाडावी, तद्वतच ब्राउझरातील ‘वेब वर्कर’ होय. पडद्यावरील पृष्ठास हात लावण्याची त्याला मुभा नाही. सारा व्यवहार निरोपांचा. म्हणून पृष्ठात निर्दोष ठरलेले जावास्क्रिप्ट तेथे पृष्ठाचे ‘डॉक्युमेंट’ मागताच कोसळते, आणि त्याची परीक्षा त्याच आतल्या खोलीत घ्यावी लागते. ‘वेब प्लॅटफॉर्म टेस्ट्स’ या ब्राउझरांच्या सामाईक चाचणी-संचात फाइलीच्या नावाअखेर ‘.एनी.जेएस’ असले की एकच चाचणी पृष्ठात आणि वर्करात, दोन्हीकडे, आपोआप चालते (सोय मोठी खाशी!), निकाल मात्र वर्कराकडून निरोपानेच यायचा, आणि तो आलाच नाही तर मुदत संपताच चाचणी बाद.